चौथी पायरी

पुण्यात कुणी कामाबद्दल विचारलं की मी सांगते, घरांच्या जिन्यांचे आणि फायरप्लेसचे नकाशे काढते. "एवढंच?" असा पुढचा प्रश्न ठरलेला. हो, एवढंच. अमेरिकेत, मिनियापोलिसमध्ये सहा वर्षं हेच करतेय आणि अजून शिकतेच आहे.

पहिल्या वर्षी एक जिना आला. दोन मजल्यांमधली उंची १०९.७५ इंच. चौदा राईजर, म्हणजे पायऱ्यांचे उभे टप्पे, धरले तर एकेक ७.८४ इंचाचा होतो. इथे कमाल मर्यादा ७.७५. इंचाच्या दहाव्या भागाने हुकलं! पंधरा धरले की ७.३२ येतात, पण मग एक ट्रेड, म्हणजे पाय ठेवायची आडवी फळी, वाढतो. ट्रेड किमान १० इंचांचा हवा, म्हणजे जिना तेवढाच पुढे दिवाणखान्यात घुसतो. हे सगळं मी नीट बसवलं आणि खूश झाले.

चूक दुसरीकडेच होती. उंची मी कच्च्या फरशीपासून धरली होती. नंतर खालच्या मजल्यावर पाऊण इंच जाडीच्या ओकच्या पट्ट्या बसल्या आणि पहिली पायरी तेवढीच बुटकी झाली. एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या राईजरमध्ये तीन अष्टमांश इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. तपासनीसाने टेप लावला आणि जिना नापास केला. सुताराने स्ट्रिंगर, म्हणजे पायऱ्या पेलणाऱ्या तिरक्या फळ्या, काढून नवे कापले. मी तिथे उभी होते आणि त्या माणसाचे दोन दिवस वाया गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

पाऊण इंच म्हणजे बोटाचं जेमतेम एक पेर. पण दोन-तीन पायऱ्या चढल्या की पाय पुढची उंची धरून चालतो, बघत नाही. तिथेच माणूस पडतो.

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात माजघरातून माडीवर जाणारा अंधारा, उभा जिना आहे. धरायला दोर, वर झडप. लहानपणापासून आजी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "चौथी उंच आहे, जपून." आम्ही घरातले तिथे आपोआप पाय उचलतो.

फायरप्लेसचं गणित मात्र पुण्यात कुणाला पटवून सांगणं अवघड. तोंड सहा चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर पुढे १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच न जळणारी जमीन लागते. धुराडं छतातून बाहेर पडतं तिथे किमान तीन फूट वर हवं, शिवाय दहा फुटांच्या आत छताचा जो भाग असेल त्याच्यापेक्षा दोन फूट उंच. एवढं सगळं पाळूनही धूर खोलीत येतो. कारण आजकालची घरं हवाबंद असतात. स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट सुरू केला की घर हवेसाठी तहानतं आणि धुराड्यातूनच हवा ओढून घेतं. म्हणून जाळासाठी बाहेरून वेगळी हवा आणावी लागते.

आणि उघडा जिना! गरम हवा त्यातून वर चढते, म्हणजे तो स्वतःच एक धुराडं होतो. एका घरात उंच, मोकळ्या जिन्याच्या पायथ्याशीच फायरप्लेस हवी होती. त्यांना जागा बदलायला लावताना मला अचानक चूल आठवली. दिवाळीत पहाटे अभ्यंगाचं पाणी तापवायला मागच्या सोप्यात ती पेटली की आजी आधी जिन्यावरची झडप लावायला सांगायची. "धूर माडीवर जातो गं." ती जे सांगत होती ते मी इथे येऊन शिकले.

या दिवाळीत घरी आले. वाडा पुनर्विकासाला जाणार आहे. जाण्याआधी मी टेप घेऊन जिना मोजला, बॅटरी दाताखाली धरून, एकेक पायरी. बाकीच्या साडेआठ ते नऊ इंचांच्या. चौथी ९.७५. सागवान मधोमध झिजून वाटीसारखं झालंय. रात्री जेवणाच्या टेबलावर एकास वीस प्रमाणात नकाशा काढला, झडपेसकट.

आजीने चष्मा लावून कागद जवळ घेतला. बोटाने पायऱ्या मोजल्या, चौथीवर थांबली.

"ही उंच दिसत नाहीये."

या मापात एक इंच जेमतेम सव्वा मिलिमीटर होतो. मी पेन्सिल घेतली आणि तिच्या बोटाशेजारी लिहिलं, ९.७५.