पीएफचा मृत्यूदावा भरताना : माझा अनुभव

नोकरीत असतानाच वारलेल्या एका सहकाऱ्याच्या पीएफचा दावा मी त्याच्या घरच्यांकडून भरून घेतला. कंपनीत पगार-हजेरीचं काम माझ्याकडे आहे.

वहिनींनी, म्हणजे त्याच्या पत्नीने, फक्त पीएफचं विचारलं होतं. प्रत्यक्षात हक्क तीन असतात : खात्यातली शिल्लक, कुटुंब पेन्शन आणि ईडीएलआयचा, म्हणजे पीएफशी जोडलेला, जीवन विमा. विम्यासाठी कामगाराच्या पगारातून काहीच कापलं जात नाही, सगळा हप्ता मालक भरतो. म्हणून घरी कुणाला त्याचा पत्ताच नसतो. मृत्यूआधी सलग १२ महिने नोकरी झाली असेल तर किमान अडीच लाख आणि जास्तीत जास्त ७ लाख रुपये मिळतात. पेन्शनलाही इथे दहा वर्षांच्या नोकरीची अट नाही, एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी पुरते. तिन्हींसाठी अर्ज एकच.

सुरुवात पीएफच्या पोर्टलवरच्या मालकाच्या लॉगिनमधून होते. नोकरी संपल्याचं कारण ‘मृत्यू’ आणि तारीख मृत्यूच्या दाखल्यावरचीच हवी. आमच्याकडे शेवटच्या हजेरीची तारीख पडणार होती. तो त्यानंतर चार दिवस दवाखान्यात होता. ती तशीच गेली असती तर मृत्यू नोकरी सुटल्यानंतरचा दिसला असता आणि विम्यावर प्रश्न आला असता.

खरी गाठ नॉमिनीची. लग्नाआधी त्याने भावाचं नाव दिलं होतं, पुढे बदललं नाही. लग्न झालं की असं नामनिर्देशन आपोआप रद्द होतं, आणि भाऊ पीएफच्या नियमांतल्या ‘कुटुंबा’त बसत नाही. त्यामुळे शिल्लक पत्नी, दोन अज्ञान मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेली आई यांच्यात सारखी वाटली जाते : चार वाटे. मुलांच्या वतीने त्यांची आई, म्हणजे वहिनीच सही करतात. सासूबाईंचाही वाटा आहे हे आधीच समजावून सांगितलेलं बरं, नाहीतर घरात विनाकारण गैरसमज होतात. पेन्शनचं गणित वेगळं : ती पत्नीला, शिवाय दोन मुलांना प्रत्येकी तिच्या पेन्शनच्या २५ टक्के, वयाच्या पंचविशीपर्यंत.

कागद थोडेच लागतात : मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, प्रत्येक दावेदाराचं आधार आणि नाव छापलेला रद्द चेक. चेकवर नाव नसलं की अर्ज परत येतो. दाखल्यावर आडनाव आधी आणि मधे वडिलांचं नाव, आधारवर नुसतं नाव-आडनाव, एवढ्यानेही काम अडतं. तेव्हा दावा लावण्याआधी जॉइंट डिक्लरेशन (मालकासोबत मिळून करायचा दुरुस्तीचा अर्ज) देऊन पीएफच्या नोंदीतलं नाव दुरुस्त करून घ्यावं. कागद पूर्ण असतील तर शिल्लक २० दिवसांत द्यावी, असा नियम आहे.

त्यानंतर मी बाकीच्या विवाहित कामगारांची नामनिर्देशनं उघडून पाहिली. काहींनी पत्नीचं नाव, फोटो, टक्केवारी सगळं भरलं होतं, पण शेवटचं आधार ओटीपीचं ई-साइन (ऑनलाइन सही) राहिलं होतं. ते झाल्याशिवाय नोंद धरली जात नाही.