टॅगवरचं अक्षर माझंच होतं

जानेवारीतली गोष्ट. ऑफिसने कॉल लावला 'नो हीट', म्हणजे घर तापत नाही, म्हणून. आमच्या डिस्पॅचवाल्या पोराला सगळे कॉल 'नो हीट'च वाटतात. बाहेर उणे 24, आणि बॅन्क्रॉफ्टच्या पुढे पाऊण तासावर, जंगलातलं छोटं घर. मी ऑन्टारिओत गॅस टेक्निशियन आहे, सातवा हिवाळा. कोल्हापुरात असताना गारठा म्हणजे काय ते मला माहीत आहे असं वाटायचं.

घर ओळखीचं होतं. ऑक्टोबरमध्ये फर्नेसच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीच्या, सर्व्हिसिंगला मीच गेलो होतो. दोघंच राहतात, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढची. बेसमेंटमध्ये प्रोपेनवरची फर्नेस, वर हॉलमध्ये लाकडाचा स्टोव्ह. प्रोपेन महाग आणि लाकूड स्वतःच्या रानातलं, म्हणून दिवसभर स्टोव्ह चालतो. इकडे खेड्यात बहुतेकांचं असंच.

दार उघडून आत पाय टाकला आणि बॅगेला लावलेला सीओ मीटर वाजला. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, बिनवासाचा विषारी वायू. 42 पीपीएम. क्षणभर वाटलं, मीटर बिघडला. मग आजींकडे पाहिलं. खुर्चीत कपाळ धरून बसल्या होत्या. "सकाळी डोकं दुखतंच माझं, सायनस आहे," म्हणाल्या. दोघांना कोट चढवून माझ्या ट्रकमध्ये बसवलं, हीटर सुरू केला, 911 ला फोन लावला, फर्नेसचा फॅन बंद केला, खिडक्या उघडल्या. स्वयंसेवक फायरवाले आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत म्हातारबा एकच सांगत होते, घर गार होईल, खिडक्या लाव. घरातला सीओ अलार्म ड्रॉवरमध्ये, बॅटरी काढून ठेवलेला. "रात्री उगीच ओरडायचा." तो अलार्म 70 पीपीएमची हवा तासभर, कधी चार तास सोसल्यावर ओरडतो. म्हणजे रात्री माझ्या 42 पेक्षा बरंच जास्त असणार.

त्यांची मूळ तक्रार होती बेडरूम गार पडते याची. ते कारण सोपं. थर्मोस्टॅट हॉलच्या भिंतीवर. हॉलमध्ये स्टोव्हमुळे 26, त्यामुळे थर्मोस्टॅटच्या लेखी घर उबदार आणि फर्नेस पेटतच नाही. बेडरूममध्ये 13, आणि बेसमेंटच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात पाण्याची लाइन गोठलेली.

सीओ कुठून येतो ते शोधायला मात्र तास गेला. फर्नेस निर्दोष. ती ज्वलनाची हवा पीव्हीसीच्या पाइपने थेट बाहेरून घेते, घरातल्या हवेला शिवतसुद्धा नाही. मग स्टोव्हच्या मागे गेलो. जमिनीलगत नवी कोरी जाळी, स्टोव्हपासून जेमतेम तीन फुटांवर. खालून डक्ट, म्हणजे हवेची पत्र्याची नळी, थेट फर्नेसच्या रिटर्नला जोडलेला. रिटर्न म्हणजे घरातली हवा फर्नेसकडे परत ओढणारी वाट. कापणी इतकी सफाईदार की मला हेवा वाटला. म्हातारबा सुतार होते. स्टोव्हची ऊब फॅनने ओढायची आणि डक्टमधून बेडरूमला पाठवायची, असा हिशोब. रिटर्न पेटत्या शेगडीच्या दहा फुटांच्या आत नसावा हा साधा नियम, पण तो सुताराला कोण सांगणार?

निखारे बादलीत भरून बाहेर गेलेले, हवा साफ झालेली, मग हवेचा दाब मोजायचा मॅनोमीटर लावला. फॅन चालू, बेडरूमची दारं बंद: हॉलचा दाब बाहेरच्या मानाने उणे 7 पास्कल. दारं उघडली की उणे 2. फॅन मिनिटाला आठशे-हजार घनफूट हवा हॉलमधून ओढून बेडरूममध्ये कोंबतो. बंद दाराखालून ती परत येत नाही. मग हॉल हवा कुठून घेणार? धुराड्यातून. स्टोव्ह रसरसून पेटलेला असताना धुराडं दाद देत नाही, ओढ दांडगी असते. पण पहाटे नुसते निखारे उरतात, बाहेरच्या भिंतीवरचं विटांचं धुराडं गारठतं, ओढ चार-पाच पास्कलवर येते. मग फॅन जिंकतो. निखाऱ्यांना धूर नाही, वास जवळपास नाही. कोल्हापुरात माझ्या आजीच्या बंबात ओलं लाकूड घातलं तर अख्खं न्हाणीघर धुराने भरायचं, डोळे चुरचुरायचे. ते बरं, कळायचं तरी.

बेसमेंटमध्ये डक्ट काढताना फर्नेसवर लटकवलेला सर्व्हिस टॅग दिसला. ऑक्टोबरची तारीख, माझी सही, आणि खाली माझ्याच अक्षरात: 'फॅन ऑन ठेवा, स्टोव्हची उष्णता घरभर पसरेल.' अरे देवा. सगळेच सांगतात तसं मीही सांगून गेलो होतो. घाईत होतो, पुढचा कॉल होता. स्टोव्ह मला दिसला होता. पण माझा परवाना गॅसचा, लाकडाच्या तपासणीचं सर्टिफिकेट वेगळ्या माणसांकडे. गॅसवाला स्टोव्हकडे बघत नाही, स्टोव्हवाला डक्टकडे बघत नाही, आणि फॅन कुणाचाच नसतो.

"तूच म्हणालास की," म्हातारबा म्हणाले. रागाने नाही. काम कसं झालंय ते दाखवायच्या उत्साहात म्हणाले.

जाळीवर पत्रा ठोकला, कडा टेपने बंद केल्या, फॅन ऑटोवर, म्हणजे फर्नेस पेटली तरच फिरेल. थर्मोस्टॅट बेडरूमच्या पॅसेजमध्ये हलवला. बेसमेंटला दुसरा छोटा थर्मोस्टॅट, 8 अंशांवर, पहिल्याला समांतर: आर आणि डब्ल्यूच्या त्याच दोन तारा, दोघांपैकी कुणीही बोलावलं तरी फर्नेस पेटते. पाइप परत गोठायचा नाही. आणि बेडरूमच्या दारात जमिनीवर एक टेबलफॅन, तोंड स्टोव्हकडे. म्हातारबा हसले: ऊब पाहिजे तिकडे, आणि फॅन इकडे? पण गार हवा जड, ती तळातून ढकलली की छताखालची गरम हवा आपसूक बेडरूममध्ये शिरते. दोन दिवसांनी फोन आला, बेडरूम 18 वर आहे, आजी बऱ्या आहेत. नवा अलार्म हॉलमध्ये लावलाय, मुलाने.

रिपोर्टमध्ये लिहिलं, 'घरमालकाने स्वतः बसवलेला रिटर्न'. त्यात खोटं काही नाही. टॅग माझ्या ट्रकच्या कप्प्यात आहे, त्याचा उल्लेख केला नाही. साहेबांनी शाबासकी दिली, ती मुकाट घेतली.

गेल्या हंगामातली सगळी बिलं काढून बसलोय. लाकडाचा स्टोव्ह असलेली सतरा घरं निघाली. सतराहीजणांना मी तेच वाक्य लिहून दिलंय की नाही ते आठवत नाही, म्हणून सगळ्यांनाच फोन करतोय. आत्तापर्यंत नऊ झाले. तिघांनी उचलला नाही. एक बाई म्हणाल्या, "हो, आम्ही फॅन चालूच ठेवतो, तुम्हीच तर सांगितलं होतं." शनिवारी तिकडे जातोय, स्वतःच्या गाडीने.