नवी नावं घेणं का थांबवलं, तुम्ही विचारलंत म्हणून

"गट एवढा जोरात वाढत होता, मग नवी माणसं घेणं का थांबवलंत?" भेटेल तो हेच विचारतो. काहींनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं: हिला हातातलं सोडवत नाही. म्हणून एकदाच नीट सांगते.

रुग्णालयात ज्यांच्याजवळ थांबायला कोणी नाही, त्यांच्या सोबतीला आम्ही रात्री बसतो. सुरुवातीला आम्ही १२ जण होतो. कोणाची पाठ धरते, कोणाला पहाटे निघावं लागतं, मला सगळं तोंडपाठ होतं. दीड वर्षात ७० झालो. १२ माणसांत जोड्या होतात ६६, ७० माणसांत २,४१५. एवढ्या जणांनी एकमेकांशी बोलायचं कसं, हे मनातही आलं नाही. मी फक्त किती रात्री भरल्या ते मोजत होते.

एका आजोबांचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. यादीत दोन नावं होती, एक जुनं, एक नवं. जुन्याला वाटलं, नवा मुलगा जातोय. नव्याला वाटलं, ते अनुभवी आहेत, तेच जाणार. ग्रुपवर दोघांनीही अंगठा टाकला. ते अंगठे पाहून मी निवांत झोपले. सकाळी सहाला वॉर्डात गेले, तर खुर्ची घडी घालून भिंतीला टेकवलेली. आजोबा जागे, चष्मा डोळ्यांवर. सिस्टरनी दोनदा काढून ठेवायला सांगितलं होतं. "कोणी आलं तर दिसायला हवं ना," एवढंच म्हणाले. तक्रार नाही, काही नाही. मी चष्मा पुसून दिला आणि तेवढ्यात त्यांना न्यायला आले.

ऑपरेशन नीट झालं. "मग बिघडलं काय?" असंही मला विचारतात. ते रात्रभर दाराकडे बघत होते, हे बिघडलं.

आधी मी त्या दोघांवर ओरडले. नंतर यादी उघडली आणि कितीतरी नावांपुढे मला चेहराच आठवेना. ती नावं मीच घेतली होती.

उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की काम आणखी लांबतं, असं फ्रेड ब्रुक्स या संगणकतज्ज्ञानं १९७५ साली लिहिलं. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि बोलाचाली वाढतात. आमच्याकडे वेगळं काय होत होतं? जुने लोक फोनवरच अडकले होते, पेशंटजवळ बसायला त्यांना रात्र उरत नव्हती. म्हणून ठरवलं, आहेत त्यांनी आधी जुन्यांबरोबर पाच-पाच रात्री बसायचं, तोवर नवं नाव नाही.

पूर्वीची मी हे ऐकून भांडली असती. दारात आलेल्या माणसाला परत पाठवतेस? तुझ्या नकारामुळे किती खुर्च्या रिकाम्या राहिल्या? तिला माझ्याकडे उत्तर नाही. गोंधळामुळे रिकामी राहिलेली एक खुर्ची मी पाहिली. माझ्या निर्णयामुळे रिकाम्या राहिल्या त्या मला दिसत नाहीत, एवढंच.

"बारा-बाराचे गट का करत नाही?" करतेय. पण प्रत्येक गटाला असं माणूस लागतं, जे रात्री अकराला स्वतः फोन करून "निघालात का?" विचारेल. अशी तीन माणसं आहेत. आणि हो, यादी दुसऱ्याच्या हाती देणं मला जड जातं, तुमचं तेवढं खरं आहे. दोन याद्या दिल्या. तिसरी अजून माझ्याकडेच आहे.