आमची वाटचाल : दुरुस्तीकडून तपासणीकडे

आमच्या कामाची सुरुवात दुरुस्तीने झाली. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडणाऱ्या जुन्या रायफलींचा फुटलेला दस्ता सांधायचा, अडकलेला घोडा मोकळा करायचा, गंज थांबवायचा. गिऱ्हाइकाला मात्र ती चकचकीत हवी असायची. नळी घासली की वर्षानुवर्षं बसलेला तपकिरी थर जातो, कारागिराच्या शिक्क्याच्या कडा बोथट होतात आणि लिलावात किंमत पडते, हे पटवण्यातच निम्मा वेळ जाई. पटलं नाही तर आम्ही काम परत करायचो. धंदा नवा असताना ते परवडत नव्हतं, पण त्यातूनच लिलाव करणाऱ्यांची विचारणा सुरू झाली. त्यांना दुरुस्ती नको होती. आधी काय काय दुरुस्त झालंय, हे सांगणारं कोणी हवं होतं.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. 1820 नंतर टोपीवर, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर उडणाऱ्या बंदुका रुळल्या आणि असंख्य मालकांनी आपली चकमकीची रायफल टोपीवर चालेल अशी बदलून घेतली. पुढे संग्राहकांना मूळ चकमकच प्यारी झाली, तेव्हा त्याच रायफली पुन्हा उलट्या फिरवल्या गेल्या. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या लांब रायफलींमध्ये हा प्रकार भरपूर सापडतो. टोपीसाठी बदलताना रंजकाची, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूची वाटी काढतात, झाकणाच्या स्प्रिंगची भोकं बुजवतात, नळीचा कान (आतल्या दारूपर्यंत जाळ नेणारं भोक) रुंद करून त्यात आटे पाडतात. परत फिरवताना हे सगळं लपवावं लागतं. म्हणून आम्ही आधी कान बघतो. खऱ्या वापराने त्याच्या भोवतीचं लोखंड रंजकाच्या जाळाने खाल्लेलं असतं, तेही वेडंवाकडं. नुसता कानात नवा धातू बसवलेला दिसला म्हणून लगेच बोट दाखवू नये. झिजलेला कान त्या काळीही असाच दुरुस्त करत.

दुसरी नजर नळीच्या तोंडावर. चांगल्या जुन्या नळ्या मागे जाड, मधे बारीक आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुगीर असतात. हा फुगीरपणा नसेल तर नळी पुढून कापली असावी, असा संशय घ्यायचा आणि माशीची (नेम धरायच्या पुढच्या खुणेची) जागा व दारू ठासायचा गज अडकवायच्या नळकांड्यांमधली अंतरं तपासायची.

खरी कुंडली मात्र कळ, म्हणजे घोडा बसवलेली बार उडवायची यंत्रणा, उतरवल्यावर उलगडते. आतलं लाकूड तेलाने आणि दारूच्या काजळीने काळवंडलेलं हवं. ते फिकट असेल, किंवा जुन्या दस्त्यात टोकदार, यंत्रावर कापलेले स्क्रू निघाले, तर उत्तर बाहेर शोधायची गरज उरत नाही. (त्याही आधी गज आत सोडून खोली मोजतो आणि बाहेरून नळीच्या लांबीशी ताडून बघतो. भरलेल्या जुन्या बंदुका आजही येतात आणि कोरडी राहिलेली काळी दारू म्हातारी होत नाही.)

या कामात जम बसल्यावर आम्ही दोन गोष्टी बंद केल्या. एक, खरेदी-विक्री. ज्याला माल घ्यायचा आहे त्याने त्याच मालावर मत देऊ नये. दुसरी, टोपीची रायफल पुन्हा चकमकीवर फिरवून देणं. पैसा त्यात बरा होता. तो बदल हाही त्या रायफलीचा इतिहासच आहे, असं माझं मत आहे. भागीदाराला ते पटायला वेळ लागला. आमची फी ठरलेली असते, बोली कितीवर गेली याच्याशी तिचा संबंध नाही.

दुरुस्ती म्हणजे लबाडी नव्हे, हे आम्ही विकणाऱ्यांना सांगत असतो. जोडलेला दस्ता, नवा घोडा, दस्त्यातली बदललेली पितळी डबी अहवालात स्पष्ट लिहिली तर घेणारा त्या हिशेबाने बोली लावतो. अलीकडे प्रत्येक अहवालाला कळीच्या आतल्या बाजूचे फोटोही जोडतो. काही मालक कळ उतरवू देत नाहीत. तेव्हा ‘आतून तपासता आली नाही’ एवढं वाक्य पहिल्याच पानावर टाकतो. ते शेवटच्या पानावर न्या, अशी विनंती अधूनमधून होते. आम्ही ते पहिल्याच पानावर ठेवतो.