कागदावर दोन्हीही १२०: आय२० एन लाइन की अल्ट्रोझ रेसर?

ह्युंदाई आय२० एन लाइन आणि टाटा अल्ट्रोझ रेसर. दोन्हींत तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दोन्हींची ताकद १२० पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ह्युंदाईचा १७२ न्यूटन मीटर, टाटाचा १७०. इंदूरच्या शोरूममध्ये हेच आकडे वाचून दाखवले जातात, आणि त्यावरून काहीच ठरत नाही. आकडा किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतो, ते विचारा.

ह्युंदाईचं ९९८ सीसीचं इंजिन १५०० ते ४००० आरपीएमपर्यंत पूर्ण टॉर्क देतं, आणि १२० पीएस ६००० ला गाठतं. टाटाच्या ११९९ सीसीच्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क १७५० पासून ४००० पर्यंत, आणि १२० पीएस ५५०० ला. टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागलं की किलोवॅट मिळतात. तो हिशेब करून किलोवॅटचे पीएस केले तर ४००० ला दोन्ही गाड्या ९७-९८ पीएसच्या आसपास असतात. पुढे टॉर्क उतरतो: ह्युंदाईचा ६००० ला साधारण १४०, टाटाचा ५५०० ला १५३. म्हणून रेसर ५५०० च्या फार पुढे ताणून नुसता आवाज वाढतो. एन लाइनला आणखी पाचशे आरपीएम सुखाने ओढता येतं.

खालच्या अडीचशे आरपीएमचा फरक कळतो इंदूरजवळच्या जाम घाटात. मंडलेश्वरकडून जाम दरवाजाकडे चढताना तीव्र वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन १६०० वर आलं, तर एन लाइन टॉर्कच्या पट्ट्यात असते, रेसर अजून त्याच्या बाहेर. अर्थात हे आकडे अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाचे. वळणावर पाय उचलला की टर्बोचा दाब पडतो आणि तो परत भरायला क्षणभर लागतोच, दोन्हींत. उपाय एकच: वळणाआधी गिअर खाली घ्या आणि बाहेर पडताना २००० च्या वर राहा.

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. इथे हवेचा दाब सुमारे सहा टक्के कमी. साध्या इंजिनाची ताकद जवळपास तितकीच घटते. टर्बो इंजिनाचं वेस्टगेट (टर्बोचा जास्तीचा दाब रोखणारी झडप) थोडं उशिरा उघडून ती तूट बरीचशी भरून काढतं. मे महिन्याच्या दुपारी मात्र टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापतो, इंजिनात गरम हवा जाते आणि खडखड टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्पार्क थोडा उशिरा देतो, म्हणजे ताकद घटते. सकाळी एक गाडी आणि दुपारी दुसरी चालवून केलेली तुलना फुकट.

तुलना करायचीच तर शून्य ते शंभरच्या नादी लागू नका. त्यात क्लच सोडण्याचं कौशल्य आणि चाकं घसरणं इतकं मिसळलेलं असतं की गाडी बाजूलाच राहते. बायपासवर मोकळ्या लेनमध्ये, वेगमर्यादेत, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० ते ७० ला लागणारा वेळ मोजा. मोजणी सोबत्याने करावी, तीही जीपीएसवर, कारण स्पीडोमीटर थोडा जास्तच वेग दाखवतो. जाताना आणि येताना मोजून सरासरी काढा. डोळ्यांना न दिसणारा चढही आकडा बिघडवतो. माणसं तितकीच, एसी बंद, टायरचा दाब दारावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरलेला. कमाल वेगाचा हट्ट असेल तर त्यासाठी पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, इंदूरचा सुपर कॉरिडॉर रस्ता त्यासाठी नाही.

रस्त्याला चिकटून राहण्यात एन लाइन पुढे. तिचे टायर १९५/५५ आर१६, रेसरचे १८५/६० आर१६. रुंदीत दहा मिलिमीटरचा फरक. रेसरच्या टायरची भिंत जवळपास चार मिलिमीटर उंच, त्यामुळे खड्डा जरा मऊ लागतो, पण वळणावर टायर वाकतोही जास्त. एन लाइनला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. तरीही घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवले तर डिस्कही तापतात. ब्रेक फ्लुइड जुनं असेल तर त्यात शोषलेल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. दोन वर्षांनी फ्लुइड बदला, आणि उतारावर दुसरा-तिसरा गिअर ठेवा.

गिअरबॉक्सवरच बहुतेकांचा निर्णय होईल. रेसर २०२४ च्या जूनमध्ये आली ती फक्त सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये. एन लाइनला सात गिअरचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही मिळतो. संध्याकाळी इंदूरच्या विजयनगर चौकातल्या गर्दीतून रोज जाणाऱ्याला तो हवासा वाटेल. पण त्याचे क्लच कोरडे आहेत. चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरली की ते तापतात. ब्रेक दाबून थांबा, आणि पुढे गाडीभर जागा झाली की मगच निघा. इंचाइंचाने सरकू नका.

माझं मत: घाटासाठी एन लाइन, आणि तीही मॅन्युअल. सेकंडहँड घेताना मात्र साल बघा. २०२१ ते २०२३ च्या मध्यापर्यंतच्या एन लाइनला क्लच पेडल नसलेला आयएमटी गिअरबॉक्स होता. पूर्ण मॅन्युअल २०२३ च्या सप्टेंबरमधल्या फेसलिफ्टपासून आला. जाहिरातीत दोन्हींपुढे ‘मॅन्युअल’ लिहिलेलं असतं, तेव्हा टोकन देण्याआधी पेडलं मोजा.