हरायला बरे गेम

परवा रात्री साडेदहाला आईचा फोन आला. एवढ्या रात्री तिचा फोन म्हटलं की पोटात गोळाच येतो, पण पलीकडून आवाज एकदम खणखणीत. "अगं, ती काळी नव्वी खाली अडकलीय, आता काय करू?" मी विचारलं वरचं एखादं घर रिकामं आहे का, तर म्हणे चारही भरलीत. चारही भरली म्हणजे मग संपलंच की गं. "हे आधी सांगायचंस ना," असं मलाच सुनावून तिने फोन ठेवला.

आई फ्रीसेल खेळते, म्हणजे कॉम्प्युटरवरचा एकट्याने खेळायचा पत्त्यांचा गेम. वय ७४, मुक्काम सांगली, आणि माझा जुना विंडोज एक्सपीवाला लॅपटॉप जो मी भंगारात द्यायला काढला होता तो तिने "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून ठेवून घेतला आणि खरंच लागला. आधी ती दुपारची पलंगावर खरे पत्ते मांडून पेशन्स लावायची, पंखा लावला की पत्ते उडायचे आणि बंद केला की घामाच्या धारा, तो प्रश्न लॅपटॉपने कायमचा मिटवला. विंडोजमधलं सॉलिटेअर म्हणजे तिचं पेशन्सच, १९९० पासून आहे ते, वेस चेरी नावाच्या एका इंटर्नने लिहिलेलं. पण त्याच्याशी आईचं फार दिवस जमलं नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "त्यात पत्ते पालथे असतात. एक्का तळाशी दडून बसला तर मी काय करणार? त्यात माझी काय चूक?"

हे मला इतकं पटलं की आता मी कुठलाही गेम याच मापाने मोजते. जिंकताना काय, सगळेच गेम गोड लागतात. हरल्यावर चूक कोणाची होती ते कळलं पाहिजे, आणि शक्यतो ती आपलीच निघाली पाहिजे. मग मी पुन्हा खेळते. नाहीतर लॅपटॉप मिटून भांडी घासायला जाते.

फ्रीसेल या बाबतीत एकदम चोख. बावन्नच्या बावन्न पत्ते उताणे, आठ रांगा, आणि वर चार रिकामी घरं जिथे एकेक पत्ता तात्पुरता ठेवता येतो. लपवाछपवी नाही. जुन्या विंडोजच्या फ्रीसेलमध्ये डावांना नंबर असायचे, १ ते ३२०००, आणि १९९४-९५ मध्ये डेव्ह रिंग नावाच्या माणसाने इंटरनेटवरून शंभरावर हौशी लोक जमवून ते डाव त्यांच्यात वाटून टाकले (कुठून आणतात लोक एवढा वेळ, असं म्हणायला माझंही तोंड नाही म्हणा). सगळे डाव सुटले, एक सोडून. नंबर ११९८२. पुढे एक्सपीमध्ये डाव दहा लाख झाले, तर त्यातही न सुटणारे आठच निघाले. म्हणजे आपण अडकलो तर सरळ समजायचं की मघाशी घाईघाईत लाल सत्ती वर नेऊन ठेवली तिथेच माती खाल्ली. नशिबाच्या नावाने बोंब मारायची सोयच नाही.

माइनस्वीपर मला याच्या उलट वाटतो, आणि हे मी प्रेमाने बोलतेय कारण १९९८ साली फोर्टातल्या एका ऑफिसात लागले तेव्हा सगळ्या अकाउंट्सला मिळून कॉम्प्युटर दोन आणि लंच टाइमला त्यातल्या एकामागे खुर्च्या ओढून आम्ही चौघीजणी. सगळ्यात अवघड पातळीला १६ बाय ३० म्हणजे ४८० घरं, त्यात ९९ सुरुंग. पहिल्या क्लिकला सुरुंग फुटत नाही, तेवढी माणुसकी ठेवलीय. मग प्रत्येक आकडा सांगतो की आजूबाजूच्या आठ घरांत किती सुरुंग, त्यावरून डोकं चालवत चालवत जायचं, डबा गार होतो, आणि बरेचदा अगदी शेवटी कोपऱ्यात दोन घरं उरतात. एकात सुरुंग, एक साफ, आणि कुठलं कुठलं ते कळायला काहीही मार्ग नाही. छापा की काटा. पावणेचारशे घरं अक्कल लावून उघडायची आणि शेवटाला नाणं उडवायचं! आमच्यातल्या एक मॅडम तेव्हा माऊसवर हात ठेवून डोळे मिटून गजाननाचं नाव घ्यायच्या आणि क्लिक करायच्या, आणि त्यांचं बरेचदा बरोबर यायचं, हे जास्त चीड आणणारं होतं. यावर उपाय मला फार उशिरा सापडला. सायमन टॅथम नावाच्या प्रोग्रॅमरने कोड्यांचा एक फुकट संच केलाय, त्यातला माइन्स हा गेम पट मांडतानाच बघतो की अंदाज न लावता तो सुटणार की नाही, आणि सुटणाराच देतो. माइनस्वीपर खेळायचा तर तोच खेळा.

भाच्याला ही माझी थिअरी सांगितली तर तो म्हणाला, "मावशी, तू खरा स्ट्रॅटेजी गेम खेळलीच नाहीयेस," आणि मला एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग लावून दिला. १९९९ चा गेम, म्हणजे भाच्यापेक्षा वयाने मोठा, पण नव्याने रंगरंगोटी करून अजून जोरात चालू आहे. सुरुवात फार छान वाटते. तीन माणसं, एक घोडेस्वार, थोडी मेंढरं, लाकूड तोडा, शेती करा, मला वाटलं आपलंच क्षेत्र. मी मन लावून शेतं आखत होते आणि विसाव्या मिनिटाला भाच्याचे घोडे माझ्या शेतातून. चूक माझीच होती हे कबूल, पण ती डोक्याची नव्हती, बोटांची होती. एकाच वेळी मेंढ्या, लाकूड, सैन्य आणि शत्रू असं चार ठिकाणी बघायचं म्हणजे ते मी सकाळी सहा ते आठ स्वयंपाकघरात करतेच की, त्यासाठी वेगळा गेम कशाला. एक गोष्ट मात्र आवडली, की 'हाऊ डू यू टर्न धिस ऑन' असं टाइप केलं की मध्ययुगीन किल्ल्यासमोर चक्क मशीनगन लावलेली स्पोर्ट्स कार येते. भाच्याने नाइलाजाने दाखवलं, आणि मग ऑनलाइन चालत नाही म्हणून सांगितलं.

तर आपली चाल, मग त्यांची चाल, मध्ये चहा ठेवून येता येतो, असे गेम माझ्या वयाला बरे. सिव्हिलायझेशनचं नाव सगळे घेतात, १९९१ पासूनचा आहे, सहा हजार वर्षांचा इतिहास खेळायचा आणि त्यातले गांधीजी अणुबॉम्ब टाकतात हा किस्सा तर न खेळणाऱ्यांनाही माहीत असतो. पहिल्या भागात आकड्यांच्या एका चुकीने तसं व्हायचं अशी दंतकथा होती, पण गेम बनवणाऱ्या सिड मायरनेच २०२० मध्ये आपल्या आठवणींत लिहिलं की तशी चूक नव्हतीच, आणि पाचव्या भागात मात्र मंडळींनी गंमत म्हणून गांधीजींचा अणुबॉम्बचा कल दहापैकी बारा ठेवला. पण माझ्या मापात हा गेम बसतच नाही, कारण मी त्यात कधी हरलेले नाही आणि जिंकलेलेही नाही. अजून एक चाल, अजून एक चाल करत रात्रीचा दीड वाजतो आणि मी इसवी सन बाराशेच्या आसपास झोपून जाते.

सगळ्यात मनापासून सांगायचा तो इन्टू द ब्रीच. २०१८ चा. पट आठ बाय आठ, बुद्धिबळाएवढाच, आपले तीन मोठे रोबो आणि जमिनीतून निघणारे किडे. आणि यातली मेख अशी की कुठला किडा पुढे काय फोडणार आहे ते आपल्या चालीआधीच पटावर दाखवलेलं असतं. त्यामुळे मारामारीपेक्षा ढकलाढकली जास्त. एका किड्याला एक घर सरकवलं की त्याचा फटका त्याच्याच भावाला बसतो, बिल्डिंग वाचते, आणि आपण एकटेच खोलीत "हाऽऽ!" करतो. एक लढाई चार-पाच चालींची, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता संपते. यात हरले की मी पाच-पाच मिनिटं पटाकडे बघत बसते, आणि दर वेळी सापडतं की अमुक रोबो आधी हलवला असता तर सगळं निभावलं असतं. सगळं समोर लिहून दिलेलं असताना मी चुकले. यापेक्षा स्वच्छ हार मी पाहिलेली नाही.

नशीब अजिबातच नको असं मात्र नाही हं. बॅटल फॉर वेस्नॉथ नावाचा एक फुकट गेम आहे, २००३ पासून लोक आपखुशीने घडवतायत, षटकोनी घरांचा पट, आणि त्यात दिवस-रात्र फिरत असते. सरळमार्गी सैन्याची ताकद दिवसा २५ टक्के वाढते आणि रात्री तेवढीच घटते, ऑर्क नावाचे राक्षस आणि भुतंखेतं यांचं बरोबर उलटं. म्हणजे रात्री मागे सरायचं, झाडीत डोंगरात दबा धरायचा आणि उजाडलं की तुटून पडायचं, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही, चौथीच्या इतिहासातच झालंय. जादूगाराचा वार ७० टक्के लागतो, तीन वार करतो, आणि एकदा माझे तिन्ही हुकले. शंभरात जेमतेम तीनदा होणारी गोष्ट. मी तिरमिरीत गेम बंद केला, भांडी घासली, आणि तिसऱ्या कढईला लक्षात आलं की नाजूक जादूगाराला एकटा पुढे काढला कोणी? फाशांनी? मीच की. असं कढईपाशी कळणारं नशीब मला चालतं.

मिनी मेट्रोचं काय करायचं हे अजून ठरत नाहीये. २०१५ चा, न्यूझीलंडच्या लोकांनी केलेला, दिसायला इतका सुंदर आणि शांत. गोल, त्रिकोण, चौकोन अशी स्टेशनं, त्यांना रंगीत रेघांनी जोडायचं, दर आठवड्याला एखादी नवी गाडी किंवा डबा मिळतो, आणि एखाद्या स्टेशनावर गर्दी जास्त वेळ तुंबली की खेळ खलास. त्यात मुंबईचाही नकाशा आहे. मी डोंबिवलीची, पंचवीस वर्षं लेडीज डब्यात उभी राहून काढलेली, मला वाटलं हे आपण डोळे मिटून करू. नाही जमत. कधी ना कधी एका चौकोनापाशी तो काळा गोल भरत भरत येतो आणि संपतं. या गेममध्ये हरणं ठरलेलंच आहे, फक्त किती लोकांना पोचवून हरलात तेवढं मोजायचं. माझ्या नियमाने हा बाद व्हायला हवा, पण गर्दीसाठी दोषी मी आहे आणि चौकोनातले ते बिचारे इवले त्रिकोण, म्हणजे प्रवासी, ताटकळलेत हे बघताना एक विचित्र समाधान मिळतं, त्याच्याबद्दल जास्त बोलत नाही.

मध्यंतरी आईला बदल म्हणून प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज लावून दिला होता. २००९ चा, अंगणाचे पाच पट्टे, सूर्यफुलं लावून ऊन गोळा करायचं आणि त्या उन्हाच्या बदल्यात वाटाणे मारणारी रोपं घ्यायची, वाट अडवायला अक्रोड. आईने अख्ख्या अंगणात सूर्यफुलं लावली. वाटाणा एकही नाही. झॉम्बी आले तर मला हाक, "अगं, तो मेला माझी फुलं खातोय, त्याला कोणीतरी घालव!" मी म्हटलं, घालवायचं काम तुझंच आहे. तर म्हणाली मी बाग लावायला बसलेय, राखणीला नाही. ती परत फ्रीसेलकडे गेली.

आणि मग मागच्या महिन्यात मी एक वाईट काम केलं. गावी गेले होते, आई सलग नऊ डाव जिंकून फार ऐटीत होती, तर मी निघताना तिला एका कागदावर नंबर लिहून दिला, म्हटलं हा खास आहे, बघ जमतो का. ११९८२. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी मलाच राहवेना, मीच केला. म्हटलं काय गं, सुटला का डाव?

"नाही सुटत तो," आई म्हणाली. "मी सगळीकडून बघितलं. माझं कुठेही चुकलेलं नाही."

मग थोडं थांबून, "कोणी दिला होता गं तो नंबर?"