आमची वाटचाल : पाइप टाकण्याआधी माणसं जोडावी लागली

आमचं काम म्हणजे एकाकडे वाया जाणारं दुसऱ्याच्या उपयोगी लावायचं. शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कारखान्याच्या कूलिंग टॉवरला, म्हणजे यंत्रांचं तापलेलं पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्याला, द्यायचं आणि कारखान्याची फुकट जाणारी उष्णता जवळपास कुणाला गरम पाणी लागत असेल तर त्याच्याकडे वळवायची. सुरुवातीला आम्ही तिघंच होतो आणि डोक्यात होतं डेन्मार्कचं कालुंडबोर्ग, एकाचं वाया जाणारं दुसरा वापरतो असं गाव. तिथे १९६१ मध्ये भूजल वाचावं म्हणून रिफायनरीसाठी तलावाचं पाणी आणलं, १९७२ मध्ये रिफायनरीचा जादा गॅस शेजारच्या जिप्सम बोर्डाच्या कारखान्याला मिळाला, पुढे वीजकेंद्राच्या उष्णतेवर गावातली घरं गरम व्हायला लागली. आम्ही त्यातला पाइपचा नकाशा तेवढा बघितला, तिथली माणसं एकमेकांना ओळखत होती आणि एकेक करार समोरासमोर बसून झाला होता हे लक्षातच घेतलं नाही.

त्यामुळे पहिलाच प्रकल्प अडला. साहेब लोकांशी सगळी बोलणी झाली, पण ज्या वस्तीतून लाइन जाणार तिला सगळ्यात शेवटी कळवलं. लोकांना वाटलं कारखान्याची घाण आपल्या दारातून नेणार, आणि वाटणारच ना, कुणी सांगितलंच नव्हतं! मीटिंगला स्लाइड्स दाखवल्या तर अर्धे उठून गेले. मग त्यांना थेट प्लांटवर नेलं, हातात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) दिला, येणारं पाणी आणि जाणारं पाणी दोन बाटल्यांत शेजारी ठेवलं. एका ताईंनी एवढंच विचारलं, रात्री दोनला पाइप फुटला तर फोन कोण उचलणार? आमच्याकडे उत्तर नव्हतं. आता करारात ते नाव आणि नंबर आधी लिहितो, दर नंतर.

दुसरा धडा कूलिंग टॉवरवरच्या ऑपरेटर काकांनी दिला. आम्ही क्षार, सिलिका, हार्डनेस सगळं तपासलेलं. काका म्हणाले, "अमोनिया किती आहे? आमच्या कंडेन्सरच्या ट्यूब पितळेच्या आहेत." कंडेन्सर म्हणजे वाफ थंड करून तिचं पाणी करणारं यंत्र, टॉवरचं पाणी त्याच्या नळ्यांतून फिरतं. अमोनियाने पितळेला तडे जातात आणि आमच्या रिपोर्टात तो रकानाच नव्हता. लाइन थांबवली, अमोनिया काढायची सोय केली, मगच पाणी सोडलं.

तेव्हापासून पहिल्या बैठकीला शिफ्टचा माणूस आणि वस्तीतली माणसं आल्याशिवाय आम्ही नकाशा उघडत नाही. वेळ लागतो, क्लायंट वैतागतात, एक तर सोडूनही गेला. त्या वस्तीतल्या ताई मात्र आता दर आठवड्याला स्वतः मीटर लावून रीडिंग फाटकावरच्या फळ्यावर लिहितात आणि आकडा चढला की आमच्याआधी त्यांचा फोन प्लांटवर गेलेला असतो.